करवंदं घरी आली की काय काय करावं

एप्रिल लागला की गगनबावडा, राधानगरी, आजऱ्याकडून करवंदांच्या पाट्या कोल्हापुरात उतरतात. पिकलेली फार टिकत नाहीत, म्हणून घेतानाच ठरवा: हिरवी लोणच्या-चटणीला, काळी जॅमला.

हिरव्यांचा त्रास एकच, चीक. हाताला तेल लावा, देठ खुडा, करवंदं उभी चिरून मिठाच्या पाण्यात टाका. १५-२० मिनिटांनी चोळून धुतली की चीक बराचसा जातो, बियाही निघतात. चटणीसाठी वाटीभर करवंदं, अर्धी वाटी ओलं खोबरं, ३-४ मिरच्या, लसूण, कोथिंबीर, मीठ आणि गुळाचा खडा एकत्र वाटा. जोंधळ्याच्या भाकरीबरोबर दुसरं तोंडी लावणं लागत नाही. लोणच्याची करवंदं मात्र फडक्यावर पूर्ण कोरडी करा, ओल राहिली की बुरशी धरलीच.

आता जॅम. १ किलो काळ्या करवंदांत मूठभर लालसर, अर्धी कच्ची मुद्दाम घाला. जॅम घट्ट करणारं पेक्टिन कच्च्या फळात जास्त असतं. स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात कपभर पाणी घालून फळं फुटेपर्यंत शिजवा. ॲल्युमिनियमचं भांडं नको, आंबटाला ते बाधतं. गार झाल्यावर चाळणीतून गर घासून घ्या, बिया-सालं वर राहतील. वाटीभर गराला पाऊण ते एक वाटी साखर घालून मध्यम आचेवर ढवळत राहा. थेंब गार बशीवर टाकून बोट फिरवा. सुरकुती पडली की गॅस बंद, आणि गरम असतानाच कोरड्या बरणीत भरा. गुळाचं विचाराल तर, कोल्हापुरात राहून हे म्हणणं धाडसाचं आहे, पण जॅमला साखरच बरी. गुळाचा वास करवंदाला दाबतो. लोणच्यात मात्र गूळच हवा.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हिवाळ्यातली. तिच्यात पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही कमी, म्हणून तिच्या जॅमला किलोमागे दोन लिंबांचा रस लागतो.

जून-जुलैत जांभळं येतात. ती शिजवण्याच्या भानगडीत पडू नका. मीठ लावून हाताने कुस्करा, बिया काढा, गरात साखर, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि गार पाणी घाला, सरबत तयार. तुती त्याहून नाजूक. आणल्या दिवशीच धुऊन श्रीखंडावर किंवा दह्यावर पसरा, उरलेली तुती साखर घालून दहा मिनिटं आटवून ठेवा.