बारीक राहण्याच्या माझ्या कंटाळवाण्या सवयी, आणि रील्सचा नक्की उपयोग काय

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, तुझं वजन वाढत कसं नाही रे, कोणतं डाएट करतोस, कोणाला फॉलो करतोस. काहीच नाही म्हटलं की लोकांना वाटतं हा लपवतोय, नाहीतर "तुझं बरंय बाबा, तुझी प्रकृतीच तशी" म्हणून मोकळे होतात. प्रकृतीचा वाटा असतो, नाकारत नाही, पण तिशीत माझं वजन सात किलोने वाढलं होतं तेव्हाही प्रकृती हीच होती की! म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं.

आधीच सांगतो, थायरॉइड, डायबेटिस, गरोदरपण असं काही असेल, किंवा खाण्यावरून पूर्वी कधी मानसिक त्रास झाला असेल तर हे वाचून काही सुरू करू नका, डॉक्टरला विचारा. आणि मुळात तुम्हाला बारीक व्हायची गरज आहे का तेही बघा. एक दोरी घ्या, आपल्या उंचीएवढी कापा, मधोमध दुमडा आणि ती दुमडलेली दोरी कमरेभोवती धरा, सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधे, पोट आत न ओढता (हे महत्त्वाचं!). टोकाला टोक आरामात लागलं तर बहुतेक ठीक चाललंय. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधली उंची, परत भागिले तीच उंची) 18.5 ते 24.9 असावा म्हणतात तेही बघा हवं तर, पण त्याला स्नायू आणि चरबी यातला फरक कळत नाही, दोरीला निदान पोट तरी कळतं.

आता माझी सगळ्यात कामाची सवय. आठवड्यातून एकदा वजन करायचं, तोच वार, सकाळी, पोट साफ झाल्यावर आणि काही खायच्या आधी. रोज केलंत तरी चालेल पण मग आकड्यावर चिडायचं नाही, कारण मीठ, पाणी, पोट साफ न होणं एवढ्यानेच वजन एक-दोन किलो इकडेतिकडे होतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने लिहितो, ॲप नाही, कारण ॲप उघडलं की नोटिफिकेशन दिसतं आणि मग अर्धा तास गेलाच. माझी एक वरची रेघ ठरलेली आहे. सलग दोन आठवडे त्या रेघेच्या वर गेलो की दुसऱ्यांदा वाढून घेणं बंद आणि गोड बंद, परत खाली येईपर्यंत. एवढंच. सात किलो वाढले तेव्हा मी दीड वर्ष काट्यावर पायच ठेवला नव्हता, पॅन्ट लहान झाली तर धुताना आटली म्हणायचो.

काटा का, तर वाढ दिसत नाही म्हणून. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7700 कॅलरी. वर्षाला एक किलो वाढायला रोजच्या जेमतेम 21 कॅलरी जास्त पुरतात, म्हणजे एखादं बिस्कीटसुद्धा नाही! (हिशोब अगदी काटेकोर नाही, वजन वाढलं की शरीराचा खर्चही थोडा वाढतो, पण अंदाज येतो.) एवढं बारीक अंतर कोणाला पोटावरून कळणार?

हाच हिशोब उलटा करा म्हणजे रील्सची गंमत कळेल. "सात दिवसांत पाच किलो" असं एक रील मला मित्राने पाठवलं होतं. पाच किलो चरबी म्हणजे 38,500 कॅलरी, भागिले सात, रोजच्या साडेपाच हजार. साध्या माणसाचा दिवसाचा सगळा खर्च दोन-अडीच हजाराच्या आसपास असतो, म्हणजे आठवडाभर काहीच खाल्लं नाही तरी जमत नाही. मग त्या लोकांचा काटा खाली येतो तो कसा? तर पाण्याने. शरीरात साठवलेली साखर असते, ग्लायकोजेन, तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, खाणं एकदम तोडलं की ती साखर संपते आणि पाणी निघून जातं, नीट जेवायला लागलात की परत येतं. रील पाणी परत यायच्या आधी संपलेलं असतं.

जेवणाबद्दल माझ्याकडे फार ज्ञान नाही, दोन-तीनच गोष्टी. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात, त्यामुळे दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या आधी दहा मिनिटं नुसतं बसायचं, बहुतेक वेळा नको वाटतं. फोन दुसऱ्या खोलीत. उलटा ठेवलेला चालत नाही, दुसऱ्या खोलीतच. स्क्रीनकडे बघत खाल्लं की त्या वेळी जास्त खाल्लं जातं आणि आपण काय खाल्लं ते डोक्यात नीट न राहिल्यामुळे पुढच्या वेळीही जास्त खाल्लं जातं. मला तर कधीकधी ताट रिकामं दिसलं की आश्चर्य वाटायचं की हे संपवलं कोणी.

तिसरी गोष्ट पाकिटातलं खाणं. 2019 साली अमेरिकेत केविन हॉल नावाच्या शास्त्रज्ञाने 20 जणांना एका ठिकाणी ठेवून दोन आठवडे कारखान्यात बनलेलं खाणं दिलं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं. दोन्हीकडे समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, फॅट, फायबर सारखंच होतं, हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. कारखान्यातलं खाताना माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती, आणि भराभर खात होती. म्हणजे दोष सगळा आपल्या मनाच्या कमजोरीचा नाही हे वाचून मला जरा बरं वाटलं. तेव्हापासून पाकिटं घरात आणतच नाही, कारण आणली की मी रात्री उठून खातो, मला मी माहितीये. गोड ड्रिंक तर अजिबातच नको, 330 मिलीच्या कोलाच्या कॅनमधे 35 ग्रॅम साखर असते आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाची वरून घातलेली साखर 25 ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. आणि पिऊन पोट भरत नाहीच वर.

व्यायामाचं पटकन सांगतो. आठवड्याला किमान 150 मिनिटं दम लागेल इतपत चालणं आणि दोन दिवस स्नायूंना ताण पडेल असं काहीतरी. दहा हजार पावलांचा धसका घेऊ नका, तो आकडा 1965 च्या एका जपानी पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला, ते यंत्र विकायला, कुठल्या डॉक्टरच्या अभ्यासातून नाही. पोटाचे व्यायाम केले म्हणून पोटावरची चरबी कमी होत नाही, चरबी कुठून जाणार ते आपण ठरवत नसतो. मात्र दिवसभराची बारीकसारीक हालचाल फार मोठी गोष्ट आहे. 1999 च्या एका प्रयोगात 16 जणांना आठ आठवडे रोज 1000 कॅलरी जास्त खायला दिल्या, तर कोणाची चरबी अर्ध्या किलोपेक्षाही कमी वाढली आणि कोणाची चार किलोच्या वर. फरक मुख्यतः उठबस, चुळबुळ, उभं राहणं, इकडेतिकडे फिरणं यातला. तेव्हा फोन आला की मी उठून चालायला लागतो, बायको म्हणते फरशी झिजेल.

आता सोशल मीडिया. मी पण एक वर्ष फिटनेसवाली अकाउंट फॉलो केली होती, सेव्ह करून ठेवलेली रील्स दोनशेच्या वर गेली, त्यातली परत उघडली असतील दहा. आणि खरं सांगू का, रील सेव्ह केलं की व्यायाम केल्यासारखंच वाटतं, तोच तर घोळ आहे. वर एकदा वजन कमी करण्याबद्दल काही बघितलं की फीडमधे एक सपाट पोट आणि एक चीज वितळणारा व्हिडिओ असं आलटून पालटून यायला लागतं, आधी लाज वाटते मग भूक लागते. आधी-नंतरचे फोटो तर एकाच दुपारी काढता येतात, लाइट बदला, पाठ ताठ करा, श्वास आत घ्या, झालं. आणि ज्यांचं वजन परत वाढलं ते तिसरा फोटो टाकायला येत नाहीत.

माझी खरी शंका मात्र वेगळीच आहे. बारीक राहण्यात दाखवण्यासारखं काही नसतंच. कॅलेंडरवर आकडा लिहिला, दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही, साडेदहाला झोपलो, याचं रील कोण बघणार? जे बघितलं जातं ते अचाट असतं आणि जे अचाट असतं ते महिनाभरही टिकत नाही. तीन वर्षांनीही मी हे करत असेन का, हा एकच प्रश्न मी आता कुठल्याही सल्ल्याला विचारतो, आणि दुसरा म्हणजे याच्या खाली काही विकायला ठेवलंय का.

अगदीच निरुपयोगी पण नाही म्हणणार. स्क्वॉट करताना माझे गुडघे दुखायचे, टाचा उचलल्या जातात हे मला एका व्हिडिओतूनच कळलं. पण तो मी शोधून बघितला होता, समोर आला म्हणून नाही. आमचा चालणाऱ्या चौघांचा व्हॉट्सॲप ग्रुपही चालतो, कारण मी आलो नाही तर त्यातला एक जण खरंच खाली येऊन हाका मारतो. म्हणून असं करा: काय हवंय ते ठरवून शोधा, बघा, बंद करा, फीडवाली ॲप्स फोनमधून काढा आणि हवीच तर कॉम्प्युटरवर उघडा. फोन चार्जिंगला झोपायच्या खोलीबाहेर, कारण झोप कमी झाली की भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमी होतं, शिवाय जागं असलं की खायला वेळही जास्त मिळतो. अलार्मसाठी साधं घड्याळ आणा.

राहता राहिलं लग्न, प्रवास, आजारपण. त्या आठवड्यात काट्याकडे बघायचंच नाही. परत आल्यावर उपास वगैरे काढायचे नाहीत, मी एकदा तीन दिवस काढले होते आणि चौथ्या दिवशी अख्खा केक संपवला. नेहमीच्या वारी सकाळी उठून काट्यावर उभं राहायचं, जो येईल तो आकडा कॅलेंडरवर लिहायचा आणि नेहमीसारखं जेवायला बसायचं.