राऊटर शेजारी, तरी वायफायची एकच काडी: माझा अनुभव

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात फायबर आलं, पण काकांच्या दुकानातल्या जुन्या लॅपटॉपवर वायफायची एकच काडी दिसायची, तीही राऊटरला चिकटून बसलं तर. त्याच जागी मोबाईलवर मात्र फुल्ल, म्हणजे लाईन ठीक होती. सातबारा काढायला आलेली माणसं ताटकळायची, ते मला बघवत नव्हतं.

लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबंटू ही लिनक्स सिस्टीम आहे. 'एलएसपीसीआय' ही आतली कार्डं दाखवणारी कमांड चालवली तर वायफायचं कार्ड निघालं आरटीएल८७२३बीई. खरी गोम इथंच आहे. या कार्डाला अँटेनाच्या दोन जागा असतात, पण काही लॅपटॉपमध्ये वायर एकीलाच जोडलेली असते. कोणती जागा वापरायची हे ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) कार्डातल्या नोंदीवरून ठरवतो. ती नोंदच चुकीची असली, की तो रिकाम्या जागेवर सिग्नल शोधत राहतो.

यासाठी ड्रायव्हरमध्ये 'अँट_सेल' हा अँटेनाची जागा निवडायचा पर्याय आहे. 'मॉडप्रोब' कमांडनं मॉड्यूल (म्हणजे हाच ड्रायव्हर) काढून, किंमत 1 देऊन पुन्हा लोड केलं, फरक नाही. 2 दिली आणि उणे 80 च्या आसपासचा सिग्नल थेट उणे 50 डीबीएमवर आला! (हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितकं चांगलं.) रीस्टार्टनंतरही टिकावं म्हणून हाच पर्याय 'ईटीसी'मधल्या 'मॉडप्रोब.डी' फोल्डरात एका 'कॉन्फ' फाईलमध्ये लिहून ठेवला.

भाऊ, यूएसबीत लावायचं वायफाय डोंगल घ्यायला यवतमाळ गाठण्याआधी हे करून बघाच. कार्ड वेगळं असेल तर 'मॉडइन्फो' चालवा, त्या ड्रायव्हरला कोणते पर्याय आहेत ते तिथं दिसतं.