"बोटं हलतायत ना, मग मोडलं नसेल": मुलांच्या फ्रॅक्चरमध्ये या चुका टाळा

मे महिना लागला की हाडांच्या ओपीडीत कोपरांची रांग लागते. कुणी झोपाळ्यावरून पडलेलं, कुणी आंब्यावरून, कुणी गच्चीच्या कठड्यावरून. सहा वर्षांचा एक मुलगा पडल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. कोपरावर हळद-तेलाचा लेप, त्यावर बांबूच्या कामट्या, त्यावर जुन्या साडीची पट्टी, करकचून आवळलेली. आजी ठाम होती, "बोटं हलवतोय की तो. मोडलं असतं तर हलली असती का?"

हलली असती. बोटं हलवणारे स्नायू हाड मोडल्यावरही बहुतेकदा शाबूत असतात, तेव्हा ही घरोघरची परीक्षा बाद समजा. पट्टी कापली तेव्हा बोटं गार आणि नखं फिकट होती. पट्टी त्या दुपारीच बांधली होती म्हणून हात वाचला.

कोपराच्या जरा वर दंडाचं हाड चपटं आणि पातळ होतं. पडताना मूल हात टेकवतं आणि हाड तिथेच मोडतं. पाच ते सात वर्षांच्या मुलांत हे सर्वांत जास्त दिसतं. नेमकी त्याच्या पुढून हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. आतून सूज दाबते, बाहेरून पट्टी. सहा-आठ तास रक्त अडलं तर स्नायू मरू लागतात आणि पुढे पंजा कायमचा आखडतो. जर्मन शल्यवैद्य फोल्कमन यांनी १८८१ मध्ये घट्ट पट्टीचा हाच परिणाम लिहून ठेवला. तालुक्याच्या गावी आपण तो अजून पाहतो.

म्हणून हात जसा आहे तसाच, सरळ करायला न जाता, वर्तमानपत्राची जाड घडी लावून सैलसर बांधा आणि ओढणीची झोळी करा. कडं, बांगडी, मनगटाचा काळा दोरा आधी काढा. सूज चढल्यावर ते निघत नाहीत. हात वाकडा दिसत असेल तर वाटेत बिस्किटं भरवू नका, भूल द्यावी लागू शकते.

प्लॅस्टर घातल्यावरही नजर बोटांवरच हवी. नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. औषध देऊनही दुखणं वाढत असेल, किंवा बोट हलकेच सरळ केल्यावर मूल किंचाळत असेल तर सकाळची वाट पाहू नका. रात्री दोनला आलात तरी कुणी हसणार नाही.

"मुरगळलंय फक्त"

मोठ्यांत लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधणारा पट्टा, ताणलं जातं. मुलांत लिगामेंटपेक्षा हाडाच्या टोकाजवळची वाढीची कूर्चा (जिथून हाड लांब होतं तो मऊ थर) नाजूक असते, आधी ती सुटते. एक्स-रेत ती एरवीही काळ्या फटीसारखीच दिसते, त्यामुळे पहिला फोटो साफ आला म्हणून निर्धास्त होऊ नये. दीड-दोन वर्षांचं मूल अचानक लंगडायला लागलं आणि फोटोत काहीच नाही, तरी नडगीत बारीक तिरकी चीर असू शकते. दहा दिवसांनी पुन्हा फोटो काढला की नवं हाड धरलेलं दिसतं.

उलटही होतं. मामाने हात धरून उचललं, झुलवलं, आणि मग मूल तो हात लोंबताच ठेवतं. सूज नाही, फ्रॅक्चर नाही, कोपराचा सांधा जरासा सरकलेला. डॉक्टर क्षणात बसवतात आणि थोड्याच वेळात मूल त्याच हाताने खेळणं उचलतं. मामाला दोष देऊ नका, फक्त पुन्हा झुलवू नका म्हणावं.

प्लॅस्टर निघाल्यावर कोपर चोळून देणं ही आणखी एक हौस. जोरात मालिश केलं तर तिथल्या स्नायूत हाड धरू शकतं आणि कोपर आणखी अडकतं. मुलाला खेळू द्या, हात हळूहळू मोकळा होतो.

हाड जुळतं, हकिकत जुळत नाही

आता अवघड भाग: मूल पडलेलं नसून त्याला मारलेलं असेल तर. इथल्या चुका हाताच्या नसतात, नजरेच्या असतात, आणि त्यात आम्ही डॉक्टर पुढे असतो. "घर चांगलं आहे हो" एवढ्यावर आम्ही विचारायचं थांबतो.

चार महिन्यांचं बाळ मांडीचं हाड मोडून आलं आणि सांगितलं की कूस बदलताना पाय अडकला. त्या वयात स्वतःहून एवढा जोर येतो कुठून? चालता न येणाऱ्या बाळाचं कोणतंही फ्रॅक्चर प्रश्न विचारायला लावणारंच असतं. मणक्यालगतच्या बरगड्या छाती दोन्ही हातांत आवळल्याने मोडतात. लांब हाडांच्या टोकाचा बारीक कोपरा हिसक्याने निघतो. अमेरिकेत कॅफी यांनी १९४६ मध्ये सहा बाळांत डोक्यातला रक्तस्राव आणि हातापायांची फ्रॅक्चर एकत्र पाहिली. मारहाण हे कारण केम्प आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये स्पष्ट शब्दांत मांडलं.

खेळत्या मुलाच्या नडगीवर, कपाळावर काळेनिळे डाग असणारच. चार वर्षांखालच्या मुलाच्या कानावर, मानेवर, पोट-पाठीवर असतील तर थांबून बघावं. पाच महिन्यांखालच्या बाळाच्या अंगावर कुठेही असला तरी. "पिवळा पडलाय, म्हणजे चार दिवसांचा" हा हिशेब मात्र विश्वासाचा नाही.

घाईने आरोप करणं हीसुद्धा चूकच. आपल्याकडच्या कितीतरी बाळांच्या कमरेवर, बुडावर जन्मतः निळसर डाग असतात. ते दुखत नाहीत आणि चार दिवसांत रंगही बदलत नाहीत. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांनी ते बाळाच्या फाइलमध्ये आधीच नोंदवून घ्यावेत, तिथल्या पाळणाघराला ते माराचे वाटू शकतात. मुडदूस किंवा जन्मजात ठिसूळ हाडं असतील तर साध्या धक्क्यानेही हाड मोडतं. संशय असेल तर दोन वर्षांखालच्या मुलाच्या सगळ्या हाडांचे वेगवेगळे एक्स-रे काढतात आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. सगळं बाळ एकाच फिल्मवर घेणं म्हणजे पैसे वाचवून निदान घालवणं.

केसपेपरवर नुसतं "पडून" लिहू नये. कुठून, कशावर, कधी, कुणी पाहिलं, दवाखान्यात यायला उशीर का, हे सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहावं. मोठ्या मुलाला वेगळं बसवून एकदाच, साध्या शब्दांत विचारावं. पाच जणांनी पाच वेळा खोदून विचारलं तर मूल गप्प होतं. घरच्यांशी वाद घालू नये, ते बाळाला घेऊन निघून जातील. दाखल करून घ्यावं आणि मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ वर फोन करावा. ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली. शेजारी, अंगणवाडीताई, शिक्षक, कुणीही फोन करू शकतं आणि त्यासाठी पुरावा हातात लागत नाही. पुढचं जिल्ह्याची बाल कल्याण समिती बघते. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने क्रूरपणे वागवणं हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे.

आणि बाळ तपासताना जमलं तर आईच्या मनगटाकडेही बघावं. बऱ्याचदा वळ तिथेही असतात. तिच्यासाठी नंबर वेगळा आहे, १८१.