चाकणच्या लाइनवरून पुढच्या नोकरीकडे: क्वालिटी इंजिनिअरने ओळखी कशा वाढवाव्यात

ऑटो पार्ट्सच्या धंद्यात बऱ्याच जागा जाहिरात येण्याआधी फोनवरच फिरतात. क्वालिटी हेडला माणूस हवा असला की तो आधी ओळखीत विचारतो, "अरे, मशीनिंगमधला, पीपॅप स्वतः भरणारा कुणी आहे का?" (पीपॅप म्हणजे नवा पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायची कागदपत्रं.) त्या क्षणी कुणीतरी तुमचं नाव घ्यावं, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप. याला वशिला म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, पण नाव कानावर गेलं तरी मुलाखत आणि ड्रॉइंग वाचायची परीक्षा तुम्हालाच द्यायची असते.

खालचं सगळं तीन ते सात वर्षं अनुभव असलेल्या, लाइन किंवा सप्लायर क्वालिटीतल्या डिप्लोमा-डिग्रीवाल्यांसाठी आहे. प्रॉडक्शन, मेंटेनन्सवाल्यांनी शब्द बदलून वाचावं.

आधी आकडे गोळा करा

ओळख वाढवायला निघायचं आणि "काय करता?" विचारल्यावर "इन-प्रोसेस इन्स्पेक्शन बघतो" म्हणायचं, यात समोरच्याच्या लक्षात राहण्यासारखं काहीच नाही. एका रविवारी दोन तास बसा आणि गेल्या दोन वर्षांतली पाच कामं लिहून काढा. प्रत्येकासमोर चार गोष्टी हव्यात: कुठला पार्ट, आधी किती, नंतर किती, आणि नेमका बदल काय केला.

एक उदाहरण घेऊ. बहुतेक सीव्हींमध्ये ओळ अशी असते: "रिजेक्शन कमी करण्याची जबाबदारी पार पाडली." तीच अशी लिहिता येईल: "ॲल्युमिनियम हाउसिंगचं बोअर अंडरसाइज रिजेक्शन आठ महिन्यांत 2.4 टक्क्यांवरून 0.6 टक्क्यांवर आणलं. इन्सर्ट 300 नगांऐवजी 220 नगांवर बदलण्याचं वेळापत्रक लावलं." ही ओळ वाचणाऱ्याला लगेच कळतं की माणूस मशीनजवळ उभा राहिला आहे. इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, झिजला की बोअर, म्हणजे आतलं भोक, लहान येत जातो, हे त्यालाही माहीत असतं. बोलताना टक्के सोडा आणि नग सांगा: "रोजच्या 1200 नगांत 29 बाद व्हायचे, आता 7 होतात."

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. त्याच बोअरचं रिजेक्शन 0.6 टक्के लिहून शेजारी सीपीके (प्रक्रिया ड्रॉइंगच्या मर्यादेत किती आरामात बसते याचा आकडा) 1.67 लिहिलात तर समोरचा हसेल, कारण 1.67 ला इतके नग बाद होतच नाहीत. तोही क्वालिटीचाच माणूस असतो. दुसरं, आपली "आम्ही केलं" म्हणायची सवय. ती घरात शोभते, पण मुलाखतीत ऐकणाऱ्याला तुमचा वाटा कळत नाही. "टीम चौघांची होती, डेटा मी काढला, ट्रायल मी घेतली, टूल बदलाची मंजुरी प्रॉडक्शनने दिली" असं सांगितलं की फुशारकीही होत नाही आणि श्रेयही पाण्यात जात नाही. "मग उरलेले 0.6 का गेले नाहीत?" हा प्रश्न हमखास येतो, त्याचं उत्तर आधीच तयार ठेवा.

ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंग, रुपयांतला तोटा यातलं काहीही सीव्हीत किंवा पोस्टमध्ये टाकायचं नाही. "एका प्रवासी कार कंपनीसाठी" एवढं पुरे. शॉपफ्लोअरवर काढलेला सेल्फी तर नकोच. मागच्या बोर्डावर पीपीएमचा (दहा लाखांत किती नग बाद, याचा) आलेख दिसतो आणि असली पोस्ट सगळ्यात आधी तुमच्याच एचआरला सापडते.

फोन, सीव्ही, प्रोफाइल

या पट्ट्यातले भरतीचे कन्सल्टंट मेलपेक्षा फोन आणि व्हॉट्सॲपवर जास्त चालतात. म्हणून सुरुवात तिथूनच करा. ट्रूकॉलरवर स्वतःचं नाव तपासा. मित्रांनी "पप्या चाकण" म्हणून सेव्ह केलं असेल तर एचआरला तेच दिसू शकतं. ॲपमध्ये स्वतःचं प्रोफाइल उघडून नाव दुरुस्त करता येतं. व्हॉट्सॲपच्या डीपीवर तुमचा साधा चेहरा ठेवा. गाडीचा किंवा नेत्याच्या वाढदिवसाचा फोटो काही महिने बाजूला राहू द्या.

सीव्ही दोन पानांचा, एका रकान्याचा असावा. डावीकडे रंगीत पट्टी आणि त्यात कौशल्यांचे ठिपके असलेले टेम्प्लेट दिसायला छान, पण कंपनीचं सॉफ्टवेअर वाचताना दोन रकाने एकमेकांत मिसळतं. वडिलांचं नाव, धर्म, लग्न झालं की नाही, शेवटचं "वरील माहिती सत्य आहे" हे प्रतिज्ञापत्र, सगळं काढा. नोटीस पिरियड मात्र पहिल्याच पानावर वर लिहा. 30 दिवस आणि 90 दिवस यांत जागा जाते किंवा मिळते.

लिंक्डइनच्या हेडलाइनला 220 अक्षरं मिळतात, त्यात नुसतं "क्वालिटी इंजिनिअर" लिहून जागा वाया घालवू नका. "क्वालिटी इंजिनिअर | ॲल्युमिनियम मशीनिंग | पीपॅप, 8डी, एमएसए | आयएटीएफ 16949 अंतर्गत ऑडिटर | 4 वर्षं" असं लिहा. (8डी म्हणजे तक्रारीचं मूळ शोधून उपाय मांडणारा अहवाल, एमएसए म्हणजे मोजमापाच्या पद्धतीचीच तपासणी, आयएटीएफ 16949 म्हणजे वाहन उद्योगाचं क्वालिटी मानक.) भरती करणारा शोधताना हेच शब्द टाकतो. प्रत्यक्ष प्रोफाइलवर ते इंग्रजीत असू द्या. अंतर्गत ऑडिटरचं प्रशिक्षण झालं नसेल तर तो शब्द टाकू नका. पहिला प्रश्न त्यावरच येतो. नोकरी शोधत असल्याची खूण "फक्त रिक्रूटरना दिसेल" अशी ठेवता येते, पण तुमच्या कंपनीपासून ती शंभर टक्के लपेल याची हमी लिंक्डइनही देत नाही. नौकरी डॉट कॉमवर दर आठवड्याला एखादी ओळ बदला. तिथे शोधणाऱ्याला "अलीकडे सक्रिय" उमेदवारांची चाळणी लावता येते.

तुम्हाला आधीच ओळखणारी माणसं

कागद घ्या आणि 30 नावं लिहा. अनोळखी व्हाइस प्रेसिडेंट नकोत, ज्यांनी तुमचं काम पाहिलं आहे अशी माणसं हवीत.

यादीत सगळ्यात दुर्लक्षित असतो तो गेज (मापं तपासायची साधनं), टूलिंग आणि कॅलिब्रेशनवाला. तो आठवड्यात दहा-पंधरा प्लांटच्या गेटवर जातो. नव्या पार्टसाठी प्लग गेज, रिसीव्हिंग गेज पीपॅपच्या आधी लागतात, आणि लाइन चालवायला माणसं त्यानंतर घेतली जातात. म्हणजे रांजणगावला नवी लाइन येतेय हे त्याला कधी कधी तिथल्या एचआरआधी कळलेलं असतं. त्याला चहाला बसवा, त्याचं बिल अडकलं असेल तर अकाउंट्सकडे एक फोन करा, आणि मग विचारा, "सध्या कुठे नवीन पार्ट चालू होतायत?" नोकरीचा विषयही काढावा लागत नाही, तोच सांगतो. मात्र तो तुमच्या साहेबालाही भेटतो, हे विसरू नका.

दुसरे, वर्ष-दोन वर्षांपूर्वी कंपनी सोडून गेलेले सहकारी. त्यांना तुमचं काम माहीत असतं आणि नव्या ठिकाणी त्यांचा शब्द ताजा असतो. तिसरे, पॉलिटेक्निकचे बॅचवाले. यांच्या ग्रुपवर "कुठे व्हेकन्सी असेल तर सांगा रे" टाकलं की अंगठे येतात, पुढे काही होत नाही. सगळ्यांना विचारलं की आपल्याला विचारलं असं कुणालाच वाटत नाही, म्हणून एकेकाला वेगळा मेसेज करा.

ग्राहकाकडच्या एसक्यूएने (पुरवठादारांची क्वालिटी बघणाऱ्या इंजिनिअरने) तुमचे 8डी वाचलेले असतात, त्यामुळे त्याचं मत वजनदार. पण ऑडिटच्या दिवशी त्याच्याकडे नोकरी काढायची नाही. ग्राहक आणि पुरवठादार यांच्यात एकमेकांची माणसं न घेण्याचा करार किंवा अलिखित समज असू शकते, आणि तुमच्या एका वाक्याने तो अडचणीत येतो. त्याला "एसक्यूए व्हायचं तर मी काय शिकू?" एवढंच विचारा. सर्टिफिकेशनच्या ऑडिटरला तेवढंही नको. त्याला निःपक्ष राहायचं असतं.

मेसेज कसा लिहायचा

नियम एकच: समोरच्याला दोन मिनिटांत, उभ्या-उभ्या उत्तर देता आलं पाहिजे. "सर प्लीज हेल्प, एनी जॉब" याला उत्तर द्यायचं तर त्याने आधी तुम्ही कोण, काय करता, काय हवं हे शोधायचं. तो शोधत नाही.

लिंक्डइनवर ओळखीची विनंती पाठवताना फुकट खात्याला सुमारे 200 अक्षरांची चिठ्ठी जोडता येते, आणि तीही महिन्याला मोजकीच. देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार वेगवेगळे मोजले जातात; नुसता "नमस्कार" सात अक्षरं खातो. हा नमुना मर्यादेत बसतो:

"नमस्कार सर, मी चाकणमध्ये मशीनिंग क्वालिटीत 4 वर्षं. तुमच्या पीपॅपवरच्या पोस्टमुळे प्रोफाइल पाहिलं. एसक्यूएच्या कामाबद्दल एकच प्रश्न विचारायचा आहे."

यात नोकरी मागितलेली नाही. विनंती स्वीकारली की खरोखर एकच प्रश्न विचारा, आणि तो पोस्ट वाचल्याचं दिसेल असा असावा. अशी माणसं शोधायला तुमच्या कॉलेजच्या लिंक्डइन पानावरचा माजी विद्यार्थ्यांचा विभाग उघडा आणि कंपनीचं नाव टाका. आडनाव ओळखीचं वाटलं तरी पहिल्या मेसेजमध्ये "सर" किंवा "मॅडम"च बरं. "दादा" त्यांनी मराठीत मोकळं उत्तर दिल्यावर.

वेळ सांभाळा. सकाळी नऊ ते अकरा प्रॉडक्शन मीटिंग आणि आदल्या रात्रीची रिजेक्शनं यात जातात. महिन्याचे शेवटचे तीन दिवस डिस्पॅचचे, तेव्हा कुणाच्याच डोक्यात जागा नसते. पिंपरी-भोसरी पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी सकाळी उशिरा केलेला फोन निवांत घेतला जातो. उत्तर आलं नाही तर आठ दिवसांनी एकदा आठवण करा, त्यानंतर थांबा.

रेफरल मागताना

रेफरल देणाऱ्याला बऱ्याच कंपन्यांत बक्षीस मिळतं, पण ते तुम्ही जॉइन होऊन काही महिने टिकल्यावर. म्हणजे तुम्ही भीक मागत नाही आहात. पण तुम्ही तीन महिन्यांत पळालात तर त्याची मात्र पंचाईत होते.

आधी पोर्टलवर स्वतः अर्ज करून नंतर रेफरल मागणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. अनेक कंपन्यांच्या सिस्टिममध्ये नाव एकदा शिरलं की पुढचे काही महिने त्यावर रेफरल लागत नाही. त्यामुळे क्रम असा ठेवा: जागेची लिंक आणि जॉब नंबर शोधा, ओळखीच्या माणसाला विचारा, आणि तो "नाही जमणार" म्हणाला तरच थेट अर्ज करा.

मेसेज असा पाठवा की त्याला तो तसाच्या तसा एचआरला पुढे ढकलता येईल:

"महेशदादा, तुमच्या तळेगाव प्लांटला सप्लायर क्वालिटीची जागा आहे, लिंक खाली दिली आहे. मी मशीनिंग क्वालिटीत 4 वर्षं, पीपॅप लेव्हल 3 स्वतः सबमिट करतो, नोटीस 30 दिवस. अजून अर्ज केलेला नाही. रेफर करणं जमेल का? अडचण असेल तर मोकळेपणाने नाही सांगा, राग नाही. सीव्ही जोडला आहे."

शेवटचं "नाही सांगा" हे मुद्दाम आहे. आपल्याकडे तोंडावर नकार देणं जड जातं, म्हणून माणसं "बघतो" म्हणतात आणि तुम्ही तीन आठवडे वाट पाहत बसता.

सध्याचा पगार पहिल्या मेसेजमध्ये लिहू नका, पण एचआरने विचारल्यावर खोटाही सांगू नका. पुढे पगाराच्या स्लिप मागितल्या जातात.

प्रदर्शनं आणि बाहेरची व्यासपीठं

चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमधल्या प्रदर्शनात पिशव्या आणि पेनं गोळा करत फिरण्यापेक्षा आधी चार स्टॉल ठरवून जा. दुपारी जेवणानंतर गर्दी ओसरते, तेव्हा बोलायला वेळ मिळतो. कार्ड घेतलं की मागे तारीख आणि बोलण्यातला एक शब्द लिहा ("एअर गेज, ओव्हॅलिटी"), आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मेसेज करा. आठवडा गेला की त्याला तुमचा चेहरा आठवत नाही.

याहून उपयोगी म्हणजे स्वतः स्टेजवर जाणं. क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडियाच्या चॅप्टर स्पर्धांत कंपन्या आपल्या टीम पाठवतात, आणि कंपनीत टीम ठरताना सादरीकरणाला उभं राहायला फारसं कुणी तयार नसतं. हात वर करा. तुमची केस इतर कंपन्यांचे क्वालिटीवाले बसून ऐकतात, प्रश्न विचारतात, चहाच्या वेळी नाव विचारतात. इंग्रजी अडखळत असेल तर मराठीत सादर करता येईल का, हे आधी आयोजकांना विचारा.

कंपनीच्या आतही

बढतीच हवी असेल तर बाहेर धावायच्या आधी दर पंधरा दिवसांनी साहेबाला पाच ओळींचा मेल करा: काय बंद झालं, काय अडलं, कुणाची मदत हवी. मार्चमध्ये अप्रेझलचा फॉर्म भरायला बसाल तेव्हा 24 मेल समोर असतील. नाहीतर फक्त शेवटच्या दोन महिन्यांतलंच आठवतं, तुम्हालाही आणि साहेबालाही. मेलमध्ये प्रॉडक्शनवाल्याची चूक असेल तर आधी त्याला फोन करा, मग लिहा. लाइनवर उद्या त्याच्याशीच गाठ आहे.

आणि नवीन नोकरी ठरली तर नियुक्तीपत्र हातात येऊन जॉइनिंगची तारीख पक्की होईपर्यंत लिंक्डइनवर काही टाकू नका. ज्यांनी मदत केली त्यांना मात्र पोस्टच्या आधी स्वतः फोन करा, ज्याच्या रेफरलने काम झालं नाही त्यालाही.