थंडीच्या दिवसांत स्कॉच आणि आयरिश व्हिस्की शेजारी ठेवून कशी चाखावी

व्हिस्कीची खरी ओळख नाकाने होते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात नाकाच्या हाती फारसे काही लागत नाही. खोलीचे तापमान ३३-३४ अंश असले की ग्लासातून आधी मद्यार्काची वाफ उसळते, ती नाकात झोंबते, मग माणूस बर्फ घालतो आणि बर्फाने उरलासुरला सुगंधही मिटून जातो. डिसेंबर-जानेवारीत पुणे-नाशिककडे संध्याकाळी खोली १८ ते २० अंशांवर येते आणि याच तापमानाला व्हिस्की बर्फाशिवाय, सावकाश, नीट हुंगता येते. स्कॉच आणि आयरिश यांच्यातला फरक समजून घ्यायचा असेल, तर हेच दिवस धरावेत.

फरक शोधायचा कुठे, हे आधी ठरवलेले बरे. कायद्याने पाहिले तर दोन्हींमध्ये साम्यच अधिक आहे. दोन्ही आपापल्या देशातच गाळून लाकडी पिंपांत किमान ३ वर्षे मुरवाव्या लागतात आणि बाटलीत भरताना मद्यार्क किमान ४० टक्के असावा लागतो. स्पेलिंगमधल्या एका जादा अक्षराची (स्कॉच whisky, आयरिश whiskey) चर्चा पुष्कळ होते, पण त्याने चवीत काहीच बदलत नाही. चव बदलते ती तीन गोष्टींनी: धान्याला मोड आणले होते की नाही, मद्य किती वेळा गाळले, आणि मोड आलेले धान्य वाळवताना धूर वापरला की नाही. ‘आयरिश म्हणजे मऊ आणि स्कॉच म्हणजे धुरकट’ हे वाक्य सर्वत्र ऐकू येते. ते बाजूला ठेवून या तीन गोष्टी एकेक करून तपासाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

त्यासाठी चार बाटल्या पुरतात आणि चार मित्रांनी एकेक आणली तर खर्चही वाटला जातो. बुशमिल्स १०, ग्लेनलिव्हेट १२, रेडब्रेस्ट १२ आणि लॅफ्रॉएग १० हा संच मी सुचवीन (पहिली व तिसरी आयरिश, दुसरी व चौथी स्कॉच; आकडा मुरवण्याच्या वर्षांचा), कारण यातल्या जोड्या नीट लावल्या की प्रत्येक जोडीत मुख्यतः एकच गोष्ट बदलते. बुशमिल्स उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम परगण्यात तयार होते. राजकीय दृष्ट्या तो भाग युनायटेड किंगडममध्ये मोडतो, पण ‘आयरिश व्हिस्की’ ही कायदेशीर ओळख संपूर्ण बेटाला लागू आहे. बुशमिल्स १० आणि ग्लेनलिव्हेट १२ या दोन्ही केवळ मोड आणलेल्या बार्लीच्या, दोन्हींत धूर जवळजवळ नाहीच. मात्र पहिली तीन वेळा गाळलेली आणि दुसरी दोन वेळा. दोनदा गाळल्यावर तांब्याच्या पात्रातून साधारण ७० टक्क्यांचा अर्क बाहेर पडतो, तिसऱ्या खेपेला तो ८० टक्क्यांच्या वर जातो. मद्यार्क जितका वर चढतो तितके धान्यातले जड, तेलकट घटक मागे राहतात. म्हणून बुशमिल्स हलकी, मधासारखी आणि फळांकडे झुकणारी लागते, तर ग्लेनलिव्हेटमध्ये तोच फळांचा गोडवा किंचित भरीव अंगाने येतो. फरक बारीक आहे, आणि पहिल्याच घोटात तो सापडला नाही तर निराश होऊ नये.

रेडब्रेस्टपाशी मात्र जरा थांबावे, कारण आयर्लंडचे खरे वैशिष्ट्य मला तिथे दिसते. १७८५ मध्ये मोड आणलेल्या बार्लीवर कर बसला. तो चुकवण्यासाठी तिथल्या भट्टीवाल्यांनी मिश्रणात मोड न आणलेली, कच्ची बार्ली मोठ्या प्रमाणात घालायला सुरुवात केली. कर गेला, पण तोवर लोकांच्या जिभेला ती चव लागली होती. आज ‘सिंगल पॉट स्टिल’ या नावाने ती ओळखली जाते आणि तिच्यात किमान ३० टक्के मोड आणलेली व किमान ३० टक्के कच्ची बार्ली असावी लागते. या दोन वासांची ओळख आधी स्वयंपाकघरातच करून घ्यावी. नाचणीचे सत्त्व करताना मोड आलेली नाचणी सुकवून भाजली की जो गोडसर, बिस्किटासारखा वास सुटतो, तो मोड आणलेल्या धान्याचा. उलट कच्चे सातू, म्हणजेच बार्ली, खलबत्त्यात भरडून हुंगले तर हिरवट, पिठूळ वास येतो आणि दाणा चावल्यावर तोंडात किंचित चिकट तेलकटपणा राहतो. रेडब्रेस्टचा घोट जिभेवर पसरतो तेव्हा हाच तेलकटपणा सुंठ-मिरीच्या तिखटपणासह जाणवतो, आणि शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांमुळे त्यावर मनुका व सुक्या अंजिराचा गोडवा चढतो. ‘आयरिश म्हणजे मऊ’ हे वाक्य इथे अपुरे पडते.

बाटल्या निवडताना आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. जेमसन, पॉवर्स आणि कॉर्क डिस्टिलरीज या आयरिश कंपन्या १९६६ मध्ये एकत्र आल्या आणि १९७५ पासून त्यांचे काम कॉर्क परगण्यातल्या मिडलटन येथे एकवटले. जेमसन, पॉवर्स, रेडब्रेस्ट आणि ग्रीन स्पॉट ही चारही नावे मांडून बसलात, तरी ती एकाच आवारातून आलेली असतात. तिथे तुलना होते ती मिश्रणाची आणि पिंपांची.

आता मांडणी. ग्लास चारही एकसारखे, तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळते असावेत. पसरट तोंडाच्या ग्लासातून सुगंध निसटतो. प्रत्येकात १५ मिलिलिटर, म्हणजे चहाचे तीन चमचे, एवढेच ओतावे, कारण चार ग्लास मिळून आपला नेहमीचा मोठा पेग भरतो. खोलीत उदबत्ती नको, अंगाला अत्तर नको, आणि कांदा-लसूण चिरलेल्या हातांनी ग्लास धरू नये. शेंगदाणे, चिवडा, भजी हे सगळे शेवटी. आधी तिखट खाल्ले तर रेडब्रेस्टची मिरी कळणारच नाही. पिण्याचे साधे पाणी आणि औषधाचा स्वच्छ ड्रॉपर जवळ ठेवावा.

क्रम चुकवू नये. पहिल्यांदा मी अशी बैठक मांडली तेव्हा उत्सुकतेपोटी लॅफ्रॉएग आधी उघडली, आणि पुढचा तासभर उरलेल्या तिन्ही ग्लासांतून मला केवळ धूरच येत राहिला. त्या संध्याकाळी बुशमिल्सबद्दल मला काहीही कळले नाही. बुशमिल्स, ग्लेनलिव्हेट, रेडब्रेस्ट आणि सर्वांत शेवटी लॅफ्रॉएग, हाच क्रम ठेवावा.

हुंगताना नाक ग्लासात खुपसू नये. ग्लास हनुवटीपाशी धरून ओठ किंचित विलग ठेवावेत आणि हळूहळू वर आणावा. जिथे सुगंध येतो पण झोंबत नाही, तिथे थांबावे. खोली १५ अंशांच्या खाली गेली असेल तर व्हिस्की मुकी वाटते. अशा वेळी ग्लासावर बशी झाकून त्याचा तळ दोन-तीन मिनिटे तळहातात धरावा. ग्लेनलिव्हेटवर हे करून पाहण्यासारखे आहे: थंड असताना त्यात फक्त लाकूड आणि हिरवे सफरचंद असते, आणि बशी उचलताच अननस व व्हॅनिला वर येतात. पहिला घोट अगदी लहान घ्यावा, तो केवळ जिभेला सवय होण्यासाठी असतो. दुसरा घोट तोंडात फिरवून गिळावा आणि नंतर काय मागे उरते, ते शांतपणे पाहावे.

मग पाणी, आणि तेही थेंबाथेंबाने. मद्यार्काचे प्रमाण उतरले की त्यात धरून ठेवलेले काही सुगंधी घटक मोकळे होतात; पाच-सहा थेंबांनी रेडब्रेस्टचा मनुका पुढे येतो, पण चमचाभर ओतले तर तिचा तेलकट पसारा विरतो. थंडीत काही व्हिस्की पाण्याने किंचित गढूळही होतात. ४६ टक्के किंवा त्याहून तेज असलेल्या आणि थंड करून गाळणीतून न काढलेल्या बाटल्यांत धान्य व पिंपातून आलेली स्निग्ध द्रव्ये शिल्लक असतात, ती गारठ्यात गोठून धूसर पडदा धरतात. तो दोष नव्हे. मला तर तो बाटलीत काही काढून न घेतल्याचा पुरावा वाटतो.

लॅफ्रॉएग येते स्कॉटलंडच्या आयला बेटावरून. मोड आलेली बार्ली तिथे पीटच्या धुरावर वाळवतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे कुजत, दबत गेलेल्या वनस्पतींची ज्वलनशील माती. तिचा धूर आपल्या लाकडी चुलीचा नव्हे. त्यात आयोडीन, डांबर आणि समुद्री शेवाळ यांचा वास आहे. तरी शेतावर हुरडा भाजताना गोवऱ्यांच्या निखाऱ्यांतून जो ओलसर, गोडसर धूर कपड्यांत भरून राहतो, त्याची आठवण मला दर वेळी होते. धुराची तीव्रता सांगणारा पीपीएमचा (दशलक्ष भागांत किती भाग) आकडा वाळवलेल्या बार्लीचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नव्हे. गाळताना आणि मुरताना त्यातला बराच भाग कमी होतो, म्हणून केवळ आकड्यावरून दोन बाटल्यांची तुलना करू नये.

हे चार ओळखीचे झाले की पुढच्या बैठकीत नियमाला न जुमानणाऱ्या बाटल्या आणाव्यात. कनेमारा ही आयरिश असून पीटच्या धुराची आहे, ऑखेनटॉशन ही ग्लासगोजवळची स्कॉच असून तीनदा गाळलेली आहे, आणि बुनाहावेन १२ ही आयलाची असून तिच्यात धूर जवळजवळ नाही. या तिन्ही डोळे झाकून, कुणाला तरी ओतायला सांगून चाखाव्यात. देशाच्या नावावरून चव सांगण्याची सवय एवढ्यानेच सुटते.

थंडीत दारूने ऊब येते, ही समजूत मात्र धोक्याची आहे. मद्यार्काने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे कातडीला गरम वाटते, पण शरीरातली उष्णता उलट अधिक वेगाने बाहेर जाते. गच्चीवर बसायचे असेल तर शाल पांघरूनच बसावे, आणि वाहन घेऊन कुणीही परतू नये. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची मर्यादा २५ वर्षे आहे आणि परवानाही लागतो.

गरम पेयाची इच्छा झालीच तर आयर्लंडच्या पबमधली रीत वापरावी: व्हिस्कीत उकळून किंचित निवलेले पाणी, चमचाभर साखर आणि लवंगा टोचलेली लिंबाची चकती. त्यासाठी जेमसनसारखी मिश्र व्हिस्की पुरे, रेडब्रेस्ट त्यात घालू नये.

बैठक संपल्यावर ग्लास लगेच धुऊ नयेत. रात्रभर तसेच ठेवून सकाळी हुंगावेत. मद्यार्क उडून गेलेला असतो आणि तळाशी सुकलेल्या थेंबात बुशमिल्सचा मध पुसट झालेला, रेडब्रेस्टचे ओले लाकूड आणि मनुका, तर लॅफ्रॉएगमध्ये विझलेल्या चुलीची गार राख सापडते.