मावशीला गरगरतंय: सिम्युलेशन लॅबमधला पेशंट कसा हाताळावा

डमीची नाडी लागते, पण डमी ‘सिस्टर, गरगराय लागलंय’ असं कधी म्हणत नाही. म्हणून नर्सिंगच्या सरावाच्या (सिम्युलेशन) लॅबमध्ये आता पेशंटची भूमिका शिकवलेलं माणूस खाटेवर असतं. वैद्यकीय शिक्षणात ही पद्धत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू केली. कोल्हापुरात ती वापरताना भूमिका पुस्तकी मराठीत लिहू नका. वॉर्डात येणारे करवीर, पन्हाळा, राधानगरीकडचे पेशंट जसे बोलतात तशीच लिहा.

समजा, ५८ वर्षांच्या शेतकरी मावशी आहेत. मधुमेह आहे, सकाळी इन्सुलिन घेतलंय आणि एकादशी म्हणून पोटात काही नाही. भूमिका करणारीला एका पानाचा कागद द्या आणि त्याचे दोन भाग करा. आपणहून बोलायचं ते एवढंच: ‘गरगराय लागलंय, हातपाय कापाय लागल्यात.’ इन्सुलिनची वेळ आणि उपवास मात्र विचारल्यावरच सांगायचं. हे वेगळं केलं नाही, तर मावशी पहिल्याच वाक्यात सगळं सांगून मोकळ्या होतात आणि विद्यार्थिनीला विचारायला काही उरत नाही. घामासाठी कपाळावर पाण्याचा हलका फवारा पुरतो.

खऱ्या माणसाला सुई लावायची नाही. रक्तातल्या साखरेचा आकडा कार्डवर द्या, सलाईन शेजारच्या मॉडेल हातावर लावा. बीपी मात्र खरोखर मोजायचं. मोजलेला आकडा धरायचा की कार्डवरचा, हे आधी सांगून ठेवा, नाहीतर निम्मा वेळ त्याच गोंधळात जातो. भूमिका करणाऱ्या मावशींनाच खरोखर त्रास झाला तर ‘खरंच थांबा’ म्हणायचं, हेही ठरवून घ्या.

आता विद्यार्थ्यांसाठी. ‘मी हात स्वच्छ करते’ असं नुसतं बोलू नका, २० ते ३० सेकंद हँडरब (हात स्वच्छ करायचं अल्कोहोलचं द्रावण) चोळा. ओळख पटवताना नाव आपण उच्चारायचं नाही, कारण घाबरलेला पेशंट कशालाही ‘व्हय’ म्हणतो. ‘पूर्ण नाव सांगा की मावशी’ म्हणा आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघा. मग ‘काय होतंय?’ एवढंच विचारा आणि गप्प राहा. इथेच बहुतेक जण घसरतात: ‘चक्कर येते का? उलटी? छातीत दुखत नाही ना?’ असे प्रश्न एका दमात सुटतात आणि मावशी शेवटच्याच प्रश्नाला उत्तर देतात. ‘गरगरतंय’ म्हणजे खोली फिरतेय की अंधारी येतेय, हेही विचारून घ्या.

घाम, थरथर, इन्सुलिन आणि उपाशी पोट एवढं कळलं की पुढची हकीकत नंतर, आधी साखर मोजा. कार्डवर ५४ (मिग्रॅ/डेसिलिटर) आहे, म्हणजे साखर फार खाली गेलीय. सिनिअर सिस्टरना लगेच हाक मारा. पेशंट शुद्धीवर आहे आणि गिळता येतंय, तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा (लॅबमध्ये ही वेळ शिक्षक जाहीर करतात) आणि साखर ७० च्या खालीच असेल तर पुन्हा १५ ग्रॅम. शुद्ध हरपली असेल तर तोंडाने काहीही नको, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. तेव्हा डॉक्टरांच्या आदेशाने शिरेतून डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं द्रावण).

या प्रसंगातली खरी परीक्षा मात्र पुढे आहे. मावशी पेला बाजूला सारतात: ‘आज एकादशी हाय, नगं.’ भूमिकेत हा नकार जरूर लिहा. रागावलात की त्या तोंड फिरवतात. साखर उपवासाला चालते, ही आठवण करून द्या आणि पेला त्यांच्या हातात देऊन तो धरून ठेवा, हात कापतोय. आकडा वर आल्यावर शेंगदाण्याचा लाडू किंवा भगर खायला सांगा, कारण नुसत्या ग्लुकोजवर साखर पुन्हा घसरू शकते.

डॉक्टरांना कळवताना क्रम मोडू नका: ‘५८ वर्षांच्या पेशंट, इन्सुलिनवर, सकाळपासून उपाशी. दहा वाजता साखर ५४ होती, ग्लुकोज १५ ग्रॅम दिलं, सव्वादहाला ८२. पुढच्या इन्सुलिनचं काय करायचं?’ शेवटचा प्रश्न राहिला तर दुपारचा डोस तसाच दिला जाऊ शकतो.

प्रसंग १० मिनिटांचा असेल तर चर्चेला २० मिनिटं ठेवा. मावशींना आधी भूमिकेतून बाहेर येऊ द्या आणि कुठल्या वाक्याने धीर आला, कुठल्या वाक्याने भीती वाटली, हे पहिल्यांदा त्यांनाच विचारा. शिक्षकांच्या तपासणी यादीवरच्या खुणा त्यानंतर वाचा.