पाणी आणि विजेचे नियोजन वेगवेगळे करताय? या चुका टाळा

पाणीपुरवठ्याचा आराखडा करणारे वीज मिळणारच असे धरून चालतात. वीजनिर्मितीचा आराखडा करणाऱ्यांना पाण्याची खात्री असते. कागदावर दोघांचेही गणित चोख असते. ते फसते भर उन्हाळ्यात, दोघांचेही एकदम.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वार्षिक सरासरीवर विसंबणे. उन्हाच्या लाटेत नदी आटते, उरलेले पाणी तापते आणि नेमकी तेव्हाच एसी-पंपांची मागणी शिगेला पोहोचते. २००३ च्या उन्हाळ्यात नदीच्या पाण्याने यंत्रणा थंड ठेवणाऱ्या फ्रान्समधल्या काही अणुवीज केंद्रांना याच कारणाने उत्पादन कमी करावे लागले. बहुतांश वीज धरणांतून घेणाऱ्या ब्राझीलमध्ये २००१ साली पाऊस कमी झाल्यावर बहुतेक ग्राहकांना वापर २० टक्क्यांनी घटवायला सांगितले गेले. म्हणून सर्वांत कोरडा महिना आणि सर्वांत तापलेला आठवडा एकत्रच येतील असे धरून आकडे मांडा. सरासरी अहवालात शोभून दिसते, एवढेच.

उपसा आणि प्रत्यक्ष खर्च यांची गल्लतही नेहमीचीच. यंत्रणा थंड करायला नदीचे पाणी एकदा फिरवून परत सोडणारे औष्णिक केंद्र प्रचंड उपसा करते, पण त्यातले बरेचसे पाणी (गरम होऊन का होईना) नदीत परत येते. कूलिंग टॉवरमध्ये तेच पाणी गार करून पुन्हा वापरणारे केंद्र उपसा कमी करते, पण त्यातले बहुतेक पाणी वाफ होऊन जाते. तुलना करताना कोणता आकडा धरलाय ते आधी विचारा.

काही उपाय तर एकाची डोकेदुखी दुसऱ्याच्या गळ्यात मारणारेच असतात. समुद्राचे पाणी गोडे करायला हजार लिटरमागे साधारण ३ ते ४ युनिट वीज लागते. सौरपंपामुळे विजेचे बिल शून्यावर येते, पण उपसा थांबवण्याचे कारणही संपते आणि भूजल खाली जाते. सौरपंप वाईट नाहीत. उपशावर मर्यादा न घालता ते वाटणे वाईट.

गडबड कुठे आहे हे शोधायचे असेल तर दर महिन्याला एकच आकडा काढा: हजार लिटरमागे किती युनिट. इतके पाणी १०० मीटर चढवायला सिद्धांताने ०.२७ युनिट पुरते. पंप आणि मोटर मिळून ५० टक्के कार्यक्षम असतील तर ०.५५ च्या आसपास लागेल. तुमचा आकडा याहून बराच वर असेल किंवा महिन्यागणिक चढत असेल, तर क्रमाने तपासा: विहिरीची पातळी खाली गेली का, पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारे आतले फिरते चाक) झिजला का, प्रवाह कमी करायला कोणी व्हॉल्व्ह अर्धवट आवळून ठेवलाय का. शेवटचा प्रकार सर्रास दिसतो. तिथे पंपाचा वेग कमी करणारा ड्राइव्ह बसवा, पण बचतीच्या जाहिराती जपून वाचा: पाणी उंचावर चढवायचे असेल तर त्यातली बचत तेवढी होत नाही.

भागाकारात उपसलेले नव्हे, पोचलेले पाणी धरा. गळतीत गेलेल्या पाण्यावर वीज आधीच खर्च झालेली असते. आणि नवी टाकी बांधत असाल तर ती फक्त मागणीपुरती मोजू नका. दुपारी सौरवीज मुबलक असताना भरून ठेवून संध्याकाळच्या टंचाईत पंप बंद ठेवता येईल, एवढी जागा तिच्यात ठेवा.